खिंडीचं अंतर

माझं तोंड फटकळ आहे, हे रहिमतपुरात आमच्या दुकानापुढच्या दगडालाही ठाऊक आहे. अब्बा तर गिऱ्हाइकांना आधीच बजावायचे, "पोरीशी घासाघीस करू नका, तुमचाच पाणउतारा होईल." त्यामुळे आता लोक विचारतात, की बये, तू एवढी बोलणारी, मग नेमकी तेव्हाच गप्प का बसलीस? त्यांना काय सांगू, कपाळ! मी गप्प बसलेच नव्हते. मी बोलले होते, चांगली सविस्तर बोलले होते. जे बोलले ते खोटं होतं, एवढंच.

मी सुमैरा अत्तार. विमान चालवते. म्हणजे उजव्या खुर्चीत बसते. डावी खुर्ची कॅप्टनची. आमची कंपनी पुण्याची, तीन छोट्या विमानांची, भाड्यानं माणसं नेण्या-आणण्याची. माझे कॅप्टन होते हरी साळुंखे. कडेगावकडचे, हवाई दलात वीस वर्षं काढलेले, वय चौसष्ट. मी परकरात होते तेव्हापासून ते आमच्या दुकानात शिकेकाई आणि उदबत्ती न्यायला यायचे. मला नोकरी लागली तशी पहिल्याच दिवशी म्हणाले, "कॅप्टन-बिप्टन काय न्हाई. काका म्हण." मी हुरळून गेले. तेव्हा मला कुठं माहीत, की कॅप्टनला 'चुकताय' म्हणता येतं, आणि काकाला म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. एका खासगी साखर कारखान्याचे चेअरमन. कडेगावच्या पुढं माळावर त्यांनी स्वतःपुरती धावपट्टी करून घेतली होती. मोठ्या विमानतळावर ढगात काही दिसत नसलं तरी जमिनीवरची यंत्रं विमानाला बोट धरून खाली आणतात. ह्या माळावर कसलं यंत्र! वाऱ्याची दिशा दाखवणारी एक पिशवी, एक पत्र्याची शेड आणि राखणदार कोंडीबा. तिथला नियम सोपा होता. पट्टी दिसली तर उतरा, नाही दिसली तर माघारी जा. पण चेअरमनला माघारी जा कोण सांगणार?

म्हणून हरीकाकांनी आपली आपण वाट तयार केली होती. विमानातल्या जीपीएसमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं तीन ठिकाणं भरून ठेवली होती: रहिमतपूर, खिंड आणि पट्टी. रहिमतपुरावरून सहा हजार फुटांवर निघायचं. खिंडीशी चार हजारांवर यायचं. खिंडीच्या पुढं तुकाईचा डोंगर, माथा एकोणतीसशे फूट. तो चार हजारांवरूनच ओलांडायचा. डोंगराच्या पलीकडं कारखाना, आणि कारखाना मागं पडला की मग खाली पट्टीवर उतरायचं. थंडीत कृष्णाकाठी धुकं दाटतं, खालचं काही दिसत नाही, तेव्हा कारखाना मागं पडला हे कळायचं कसं? तर वासानं.

हसू नका. कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली होती, आणि तिथल्या मळीचा वास ज्यानं घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. ज्यानं नाही घेतला त्यानं सुखी राहावं. एवढ्या खालून विमान गेलं की हवेच्या झडपेतून तो थेट आत येतो. काका म्हणायचे, "जीपीएस चुकंल, मळी चुकायची न्हाई." आणि खरंच, दोन हिवाळे त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत अशी विमानं उतरवली. धुकं फाटायचं आणि पट्टी बरोब्बर नाकासमोर. मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. पुण्याच्या हापिसात हे सगळ्यांना माहीत होतं. ते उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब; गिऱ्हाईक खूश आहे ना, मग झालं.

त्या दिवशी जानेवारीतली सकाळ होती. साडेआठला आम्ही रहिमतपुरावर आलो. खाली दुधासारखं धुकं, गावाचा एक पत्रा दिसेना. मागं चेअरमन आणि त्यांची तीन माणसं. साडेनऊला कारखान्यावर कुणी मंत्री यायचे होते आणि चेअरमनचा जीव त्यात अडकला होता.

पुण्याच्या विमानतळावरच्या कंट्रोलनं रेडिओवरून आम्हाला डावीकडं वळवलं, दुसरं एक विमान जायचं होतं म्हणून. त्यामुळं जीपीएसमधली काकांची ठिकाणांची रांग मोडली. परत सरळ व्हायला सांगितलं तेव्हा काकांना जीपीएसची बटणं पहिल्यापासून दाबावी लागली. त्यांनी एका हातानं विमान सांभाळायचं, दुसऱ्या हातानं बटणं दाबायची; मी रेडिओ बदलायचा, उंचीच्या घड्याळात हवेचा दाब लावायचा, तपासणीची यादी वाचायची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशात चेअरमन मागून उठून आमच्या दोघांच्या मधे डोकं घालून उभे राहिले.

"किती वेळ, कॅप्टन?"

"आलोच, साहेब. बसा तुमी."

"कोंडीबाचा फोन आलाय. म्हणतोय पिशवी दिसत नाही."

"उतरताना दिसंल. बसा साहेब, पट्टा लावा."

एवढ्यात कंट्रोलनं विचारलं, अजून किती लांब आहात. मी पडद्याकडं बघायला मान वळवली, तर काकाच बोलून गेले, "दोन मैल." पडद्यावर खरंच दोन दिसत होतं. त्या पडद्यावर अंतराचा आकडा मोठा असतो, आणि ते अंतर कुठल्या ठिकाणाचं हे नाव कोपऱ्यात, बारीक. मोठा आकडा आम्ही दोघांनी वाचला. कोपरा कुणीच वाचला नाही.

आणि त्याच मिनिटाला मळीचा वास आला.

मला आधी आला. अत्ताराची पोर मी, मला येणारच. मी म्हणाले, "काका, आला वास." काका एवढे खूश झाले! "बघ! हिला म्हणत्यात नाक!" त्यांनी इंजिनांचा जोर कमी केला, चाकं सोडली आणि विमान खाली सोडलं. माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला सांगू. कौतुक कुणाला नको असतं!

माझं काम उंची वाचायचं. कंपनीत आम्ही इंग्रजीत वाचतो, काकांबरोबर मराठीत. एकोणचाळीसशे, काका. अडतीसशे, काका. दहा-दहा सेकंदाला शंभर फूट. बाहेर सगळं पांढरं. जमीन जवळ आली की ओरडणारं एक यंत्र विमानात असतं, ते काकांनी बंद ठेवलं होतं. त्याच्या नकाशात चेअरमनची पट्टीच नव्हती, त्यामुळं दर वेळी उतरताना ते बोंब मारायचं.

चौतीसशेला मी पुन्हा हुंगून बघितलं. वास वाढत नव्हता. कारखान्यावरून जाताना तो नाकात घुसतो, डोळ्यांतून पाणी काढतो. हा पातळ होता, येऊन-जाऊन होता. जवळचा वास आणि लांबून वाऱ्यावर आलेला वास ह्यांतला फरक मला दुकानात रांगत असल्यापासून कळतो. बाजारात वारं फिरलं की आमच्या केवड्याचा वास मागच्या आळीला जायचा आणि दारातल्या गिऱ्हाइकाला यायचा नाही. वास काही मैलाचा दगड नव्हे, एका जागी बसून राहायला.

मी पडद्याचा कोपरा बघितला. तिथं लिहिलं होतं, खिंड.

पट्टीला दोन मैल नव्हतेच कधी. ते अंतर खिंडीचं होतं, आणि खिंड आत्ताच आमच्या खालून गेली होती. पुढं डोंगर होता.

"काका, हे खिंडीचं अंतर होतं," मी म्हणाले.

काका रेडिओवर बोलत होते. त्यांनी मला एक बोट दाखवलं, थांब म्हणून. मी थांबले! डोंगर समोर आणि मी थांबले. वर पुन्हा मुकाट्यानं वाचायला लागले, बत्तीसशे, काका. एकतीसशे, काका. मग "काका, वर घ्या" म्हणाले, पण ते असं, की आमच्या अम्मीलाही ऐकू गेलं नसतं. भर बाजारात चार माणसांची बोलती बंद करणारी मी. माझा आवाज त्या वेळी कुठं गेला होता, अल्ला जाणे.

दोघांच्या पुढ्यात विमान वर-खाली करायचे दांडे असतात, एकमेकांना जोडलेले. एकानं ओढला की दुसऱ्याचाही येतो. मी माझा दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढला, मग एका हातानं इंजिनांना सगळा जोर दिला. काकांचे हात त्यांच्या दांड्यावरून सुटले. धुकं एकदम फाटलं आणि खाली तुकाईचं देऊळ दिसलं. पत्र्याची शेड, शिखरावरचं निशाण, आणि पायरीपाशी शेंदूर फासलेला दगड. शेंदूर दिसला म्हणजे बघा किती जवळ. मागं कुणीतरी किंचाळलं. मग पुन्हा सगळं पांढरं झालं, आणि आम्ही वर चाललो होतो.

पाच हजारांवर आलो. मग चेअरमनचा आवाज आला, "काय झालं हो? पोटात गोळाच आला एकदम."

"हवेचा खड्डा, साहेब," काका म्हणाले.

पाऊण तास वर घिरट्या घातल्या. ऊन वर आलं, धुकं उठलं, आणि आम्ही गुमान पट्टीवर उतरलो. चेअरमन गाडीत बसून गेले. मी विमानाच्या पायरीवर बसले. कोंडीबा चहा घेऊन आला. विटका स्वेटर, डोक्याला मफलर, आणि तोंडाची टकळी चालू.

"आज लय उशीर केलासा. वारं उलटं हाय गं पोरी आज. रोजचं हिकडून जातंय, आज पार डोंगराकडं. पहाटंधरनं आमच्या वस्तीला वासच न्हाई. म्हातारी म्हणाली, कारखाना बंद पडला का काय!"

काका ऐकत उभे होते. कोंडीबा गेल्यावर ते माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. इतका उंचापुरा माणूस, त्या वेळी मला एकदम म्हातारा दिसला.

"सुमैरा, तू हुतीस म्हणून," ते म्हणाले.

"काका, हे लिहून द्यावं लागेल," मी म्हणाले. कंपनीत त्यासाठी फॉर्म असतो. असं काही झालं की भरायचा. नाव नाही घातलं तरी चालतं.

"दे की. द्यायलाच पायजे." मग त्यांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. "पाच महिने ऱ्हायलेत माझे. मग घरीच बसायचंय. खड्डा हुता म्हण, धुकं हुतं म्हण, मी चुकलो म्हण, चालतंय. पण तू माझ्या हातातनं इमान काढून घेतलंस, तेवढं नको गं लिहूस. आख्खा तालुका मला कॅप्टन म्हणतोय. पोरीनं हातातनं काढून घेतलं म्हणल्यावर पारावर बसायची सोय ऱ्हायची न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. ह्या माणसानं मला विमान शिकवलं होतं. माझ्या नोकरीसाठी पुण्याच्या साहेबांपुढं शब्द टाकला होता. मी म्हणाले, "मी म्हणेन काकांनीच वर घेतलं. पण एक करा. वासावर पुन्हा उतरू नका."

"तुझ्या गळ्याशपथ," ते म्हणाले.

अळीमिळी गुपचिळी. आता फॉर्मात काय लिहायचं? काकांनी वर घेतलं असं लिहिलं तर चूक कुणाची, आणि कुणाच्या लक्षात आली, हे प्रश्न आलेच. एक सोडवायला जावं तर दुसरं निसटतं. तो फॉर्म मी तीनदा उघडला, तीनदा मिटला. घरी अब्बांना थोडंसं सांगितलं. ते म्हणाले, "हरीभाऊ आपला माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनाही पुरतं सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यांनीच माझा कान धरून लिहायला बसवलं असतं.

मी एक मात्र केलं. पुण्याच्या साहेबाला सांगितलं, मला गोव्याच्या फेऱ्या द्या, कडेगाव नको. त्यानं कारण विचारलं नाही. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. माझ्या मेलीच्या हे ध्यानातच आलं नाही, की मी उठले म्हणून ती उजवी खुर्ची काही रिकामी राहणार नव्हती.

तिथं दानिशला बसवला. दानिश शिकलगार, मिरजेचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, कंपनीत येऊन तीन महिने झालेले. हुशार, पण भिडस्त इतका, की हॉटेलात चहा गार आला तरी पिऊन टाकायचा. मला आपा म्हणायचा. काकांबरोबर जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. स्पीकरवर होता, कारण मागं त्याची अम्मी, सलिमाखाला, मिरजेहून त्याच्या पुण्याच्या खोलीवर राहायला आलेली, भाकरी थापताना मधेच "सुमैराला सलाम सांग" म्हणाली.

"आपा, उद्या काकांबरोबर कडेगाव. चेअरमनना आणायला चाललोय, जाताना विमान रिकामंच आहे. धुकं असणार म्हणतात. काही सांभाळायचं का?"

मी म्हणाले, "वासाबिसाच्या नादाला लागू देऊ नकोस त्यांना."

तो हसला. "ते मी कसं सांगणार त्यांना? आपा, चेअरमनच्या माणसांनी खिडकीतून देऊळ बघितलं म्हणे. हँगरमध्ये सगळे म्हणतात, तुमच्या वेळी डोंगर अगदी समोर आला होता आणि काकांनी ऐन वेळी उचललं. खरं का?"

इथं मला थांबता आलं असतं. हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. मला काकांचं तोंड आठवलं, पायरीवरचं, आणि मी म्हणाले, "हो. काकांनीच उचललं."

"मग तुम्ही काय केलं?"

"मी नुसती उंची वाचत होते. शंभर-शंभर फुटाला, मोठ्यानं. त्यांच्या कानात जातं ते. तू वाचत राहा, पुढचं काका बघतात."

"काका चिडतात का हो? म्हणजे मधेच काही बोललं तर?"

"अरे, देवमाणूस आहे तो. तू वाचत राहा फक्त," मी म्हणाले.

सलिमाखाला मागून म्हणाली, "बघ, मी म्हणत हुते न्हवं? मोठी माणसं आसल्यावर कशाला काळजी!" आणि दानिशनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गोव्याला जायला पुण्यात तयार होऊन बसले होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी कोंडीबाचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"पोरी, इमानाचा आवाज आला. डोंगराच्या पल्याडनं आला. अन् गेला."

"गेला म्हणजे?"

"मी उभाच हाय पट्टीवर. आजून उभाच हाय. काय बी येईना."

धुकं अकराला उठलं तेव्हा गावची माणसं वर चढली. देवळाच्या खाली चाळीस-पन्नास फुटांवर, उत्तरेच्या अंगाला, ते दोघं सापडले.

तीन आठवड्यांनी चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारी पेटी सापडली होती आणि आवाज कुणाचा कुठला हे ओळखायला ओळखीचं माणूस हवं होतं. चांगला माणूस होता तो अधिकारी, पाण्याचा पेला स्वतः आणून ठेवला. म्हणाला, तीन मिनिटं आहेत, नको वाटलं तर हात वर करा.

मी हात वर केला नाही. काकांचा आवाज होता, रेडिओवर. मग चेअरमनशी फोनवर, "आलोच साहेब, धा मिन्टं." मग परत कंट्रोल, मग बटणांचा टिकटिक आवाज. एकटा माणूस तिघांचं काम करत होता, अगदी त्या दिवशीसारखाच. वासाचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझी शपथ पाळली की काय कोण जाणे. आणि त्या सगळ्याच्या खालून दानिशचा आवाज, स्पष्ट, अदबीचा.

"पस्तीसशे, काका."

"चौतीसशे, काका."

काका पुटपुटले, "थांब रं, हे कुठलं अंतर दाखवतंय?" पुन्हा टिकटिक.

"तेहतीसशे, काका. बत्तीसशे, काका."

"वाच, वाच. वाचत ऱ्हा."

"एकतीसशे, काका." इथं तो जरा थांबला. त्यानं श्वास घेतलेला ऐकू येतो. काहीतरी बोलणार होता, माझी खात्री आहे, पेटीत तेवढी जागा रिकामी आहे. मग म्हणाला, "तीन हजार, काका." आणखी एकदा म्हणाला, "एकोणतीसशे, काका." पुढं काही नाही.

अधिकाऱ्यानं यंत्र बंद केलं. "आवाज ओळखले?"

"हो."

"एक विचारतो. त्याला चूक कळली होती असं वाटतं का? कारण तो आकडे वाचतोय, पण वर घ्या असं एकदाही म्हणत नाही. विमान शेवटपर्यंत तसंच खाली येतंय, म्हणजे दांड्यालाही त्यानं हात लावलेला नाही. प्रशिक्षणात तर शिकवतात, नुसतं वाचू नका, बोला, आणि नाही ऐकलं तर हातात घ्या. ह्याला असं वाचत राहायला कुणी सांगितलं असेल?"

"मी," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. खिंड, मळी, शेंदूर, पायरी, फोन. तो लिहीत होता. एकदा पेन थांबवून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत लिहायला लागला. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता हे कागदावर येणार, पेपरात येणार, मिरजेला कळणार. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपण जावं म्हणून मी त्याच आठवड्यात सलिमाखालाकडं गेले. अब्बा येतो म्हणाले, मी नको म्हणाले. तिच्या घरात चार बायका बसल्या होत्या, त्या मला जागा करून देऊन आत गेल्या. दानिशचे बूट दाराशी तसेच होते, पॉलिश केलेले. मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी काकांनी नव्हे, मी विमान वर ओढलं होतं. मी दानिशला खोटं सांगितलं.

सलिमाखाला रडली नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मला वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटत होतं.

"त्यो लय भिडस्त हुता," ती शेवटी म्हणाली. "हातातनं काढून घेऊ का न्हाई, याचा इचार करत बसला आसंल. मोठं माणूस रागावंल म्हणून." मग माझ्याकडं सरळ बघून तिनं विचारलं, "तू ओढलंस, तवा ते रागावले का गं तुझ्यावर?"

"नाही, खाला."

"मग काय केलं त्यांनी?"

"हात सोडले," मी म्हणाले. "लगेच सोडले."